फाशीऐवजी इंजेक्शन: खरंच कमी क्रूर?

फाशीऐवजी विषारी इंजेक्शनचा पर्याय द्या, अशी याचिका २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टात दाखल झाली. विधि आयोगानेही २००३ मध्ये हेच सुचवलं होतं. गळफासापेक्षा सुई बरी, हा त्यामागचा विचार. मात्र अमेरिकेचा अनुभव वेगळा आहे.

अलाबामा राज्यात १९८८ च्या सुपारी हत्येतील दोषी केनेथ स्मिथ याला नोव्हेंबर २०२२ मध्ये इंजेक्शन द्यायचं होतं. वारंवार सुया टोचूनही कर्मचाऱ्यांना नीट शीर सापडेना. अखेर त्याला जिवंतच कोठडीत परत नेलं. (तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेची आचारसंहिता डॉक्टरांना या कामात भाग घेऊ देत नाही.) मग २५ जानेवारी २०२४ रोजी त्यालाच मास्क लावून नायट्रोजन दिला. काही सेकंदांत शुद्ध हरपेल, असा राज्याचा दावा होता. हजर असलेल्या पत्रकारांनी त्याला काही मिनिटं झटके देताना, थरथरताना पाहिलं.

म्हणजे पद्धत बदलली, यातना राहिल्याच. आपल्याकडे मात्र चर्चा अजून दोर की सुई, इथेच अडकली आहे. दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशीच रद्द करा, ही विधि आयोगाची २०१५ ची शिफारस त्यात मागे पडली.