कावड कोणाच्या खांद्यावर?

आईवडिलांच्या सेवेचा विषय निघाला कीं आपल्याकडे श्रावणबाळाचें नांव निघतें, आणि तें निघालें कीं वाद संपला असें समजण्यांत येतें. आमच्या मतें वाद तेथूनच सुरू व्हावा. दशरथाच्या बाणानें श्रावण पडला, तेव्हां त्या अंध जोडप्याचा सांभाळ करण्यास दुसरें कोणीही उरलें नाहीं. पुत्रामागें तींही गेलीं. एकाच खांद्यावर टांगलेल्या सेवेचा शेवट कसा होतो, हें त्या कथेंतच सांगितलेलें आहे. आपण मात्र कावडीची पूजा करतों आणि खांद्याची विचारपूस करीत नाहीं.

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धास घराबाहेरील शुश्रूषागृहांत केव्हां हलवावें, हा प्रश्न आज पुष्कळ घरांपुढें उभा आहे. 2023 सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें साठीवरील दर शंभरांत सुमारें सात जणांस हा विकार आहे. म्हणजे देशांत सुमारें 88 लक्ष माणसें. शहरांपेक्षां खेड्यांत हें प्रमाण अधिक आढळलें. तेव्हां हें मुंबई-पुण्याच्या सदनिकांतलें दुखणें, ही समजूत सोडलेली बरी.

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे घ्या. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें गांव. नाणेघाट येथून जवळच. अशा गांवांत पूर्वीं एखादी म्हातारी वाट चुकली, तर कोणीही तिला ओळखून घरीं पोंचवी; सारें गांवच तिची स्मरणशक्ति होतें. आज तरणीं माणसें कामासाठीं मुरबाडला, कल्याणला, मुंबईला जातात आणि घरांत उरतात म्हातारी व सून. जेथून बैलगाडी जाई तेथून आतां अवजड मालमोटारी जातात. भाताच्या लावणीचे दिवस आले कीं सुनेसही शेतांत उतरावेंच लागतें. मग दाराला बाहेरून कडी लागते. ही कडी निर्दयपणानें लावलेली नसते. पण ती लागली, कीं 'आम्ही घरीं सांभाळतों' या शब्दांत फारसा अर्थ उरत नाहीं.

सुशिक्षितांची तऱ्हा निराळी. एक भाऊ डोंबिवलीस, दुसरा ठाण्यास, तिसरा पुण्यास. आईनें प्रत्येकाकडे तीन तीन महिने राहावें असा ठराव होतो, आणि तो न्याय्य आहे म्हणून सर्वांस समाधानही वाटतें. आंब्यांच्या वाटणीस हा न्याय शोभेल. जिला न्हाणीघराची वाट नव्यानें शिकतां येत नाहीं, तिला वर्षांतून चार वेळां नवें न्हाणीघर, नवी खिडकी, नवा जिना! आणि हीच मंडळी शुश्रूषागृहाचें नांव काढतांच विचारतात, 'तिला तिच्या घरांतून उपटायचें?' ती तर केव्हांच उपटली गेली. तिसऱ्या मजल्यावर तिन्हीसांजेला बोचकें बांधून ती 'मला घरीं जायचंय' म्हणते, तेव्हां तिच्या मनांतलें घर वैशाखऱ्याचें असतें; पुष्कळदां तर साठ वर्षांपूर्वींचें माहेर असतें. तें कोणताही पुत्र तिला आणून देऊं शकत नाहीं. तेव्हां 'घर कीं संस्था' या वादांत राम नाहीं. तिला कोठें कमी भीति वाटेल आणि कोठें ती सुरक्षित राहील, एवढेंच पाहावयाचें आहे.

आपल्या मनांतील धास्तीचें मूळ जुनें आहे. ठाण्याचें मनोरुग्णालय 1901 सालीं निघालें, आणि 'ठाण्याला पाठविणें' हा आपल्या बोलण्यांत टवाळीचा शब्द होऊन बसला. त्याच 1901 सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें एका रेल्वे-कारकुनानें आपल्या एकावन्न वर्षांच्या पत्नीस रुग्णालयांत दाखल केलें. डॉ. अल्झायमर यांनीं तिची तपासणी केली, आणि तिच्या मृत्यूनंतर 1906 सालीं तिच्या मेंदूंत आढळलेल्या विकृतीचें वर्णन विद्वानांपुढें मांडलें. ज्यास आपण म्हातारचळ म्हणून हसतों तो पुष्कळदां मेंदूचा रोग असतो, हें कळून शंभरांवर वर्षें लोटलीं. तरीही हाडांच्या रोग्यास इस्पितळांत नेणारें कुटुंब या रोग्यास कोठें नेतांना मान खालीं घालतें.

परित्यागाचा आरोपही असाच तपासून पाहावा. 2007 च्या कायद्यानें वृद्ध मातापित्यांस कायमचें टाकून देण्याच्या हेतूनें कोठें सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायद्याचा कटाक्ष टाकून देण्यावर आहे. जो मुलगा आईस चांगल्या ठिकाणीं ठेवून दर आठवड्यास तिच्या शेजारीं बसतो, त्यानें तिला टाकलेलें नाहीं. ज्याच्या आईच्या खोलींत ताटाखेरीज दिवसभर कांहीं जात नाहीं, त्यानें मात्र स्वतःच्याच घरांत तिला टाकलें आहे.

मग वेळ आली हें ओळखावें कसें? केवळ विसरण्यावरून तें ठरवूं नये. नातवाचें नांव विसरणें हें दुःखाचें कारण आहे, हलविण्याचें नव्हे. रात्रीं उठून ती रस्त्यावर जाऊं लागली. चूल किंवा गॅस पेटता ठेवून विसरूं लागली. अंग पुसूं देतांनाही भिऊन हात उगारूं लागली. तिला सांभाळणाऱ्या बाईची झोप महिनोन्महिने मोडली. या चारांपैकीं दोन गोष्टी एकत्र आल्या आणि घरांत दुसरा खांदा मिळण्याची आशा नसली, म्हणजे वेळ आली. चौथ्या गोष्टीवर आमचा विशेष भर आहे, कारण तीच कोणी मोजीत नाहीं. सून अंथरुणास खिळली तर घरांत रुग्ण दोन होतात आणि शुश्रूषा करणारें कोणी उरत नाहीं.

आणि ठरवावें कोणीं? ज्यानें रात्री काढल्या त्यानें. दिवाळीस दोन दिवस येऊन 'आई माझ्याशीं किती छान बोलली' असें सांगून परतणाऱ्या भावास या सभेंत मत नसावें; हवें असल्यास त्यानें आधीं महिनाभर जागरण करावें. पण सर्वांआधीं विचारावें तें तिला, आणि तेंही निदान होतांच, तिची जाण शाबूत असतांना. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, स्वतः निर्णय घेण्याची शक्ति गेल्यावर आपली शुश्रूषा कशी व्हावी हें आधींच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीनें प्रतिनिधि नेमण्याचा हक्क प्रौढ माणसास दिला आहे. मृत्युपत्रास न लाजणारीं कुटुंबें या कागदास कां लाजावींत? शिवाय लवकर हलविलेली व्यक्ति नवी जागा, नवे चेहरे थोडेफार ओळखीचे करूं शकते. पडून पाय मोडल्यावर इस्पितळांतून परस्पर नेलेलीस तें साधणें कठीण.

शुश्रूषागृहें सारींच चांगलीं असतात असें आमचें म्हणणें नाहीं. रात्रीं किती माणसें जागीं असतात, रुग्णांस बांधून ठेवतात काय, तिच्याशीं तिच्या मराठींत कोणी बोलतें काय, न कळवितां भेटीस येऊं देतात काय, हें विचारल्यावांचून कोणासही तेथें ठेवूं नये. खर्चाचा आक्षेप तर याहून खरा आहे. वैशाखऱ्याच्या शेतकऱ्यास तो झेपणारा नाहीं. राज्य सरकारनें जिल्ह्याजिल्ह्यांत निदान 150 निराधार वृद्धांची सोय करणारें गृह काढावें, असें 2007 च्याच कायद्यांत म्हटलें आहे. स्मृति गेलेल्यांची निराळी सोय त्यांत नाहीं. ती हवीच. पण त्याआधीं प्रत्येक ग्रामीण रुग्णालयांत एक खोली आणि दोन शिकविलेल्या बाया असाव्यात, जेथें सकाळीं म्हातारीस सोंपवून सुनेस लावणी करतां येईल, निदान चार तास झोपतां येईल. ही मागणी मोठी नाहीं.

तोंवर ज्यांना परवडतें त्यांनीं लोकापवादाच्या भीतीनें आईस कडीआड ठेवूं नये. आणि ज्यांना परवडत नाहीं त्यांच्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं, दाखविणाऱ्यानें त्यांच्या घरीं एक रात्र जागून पाहावें.