पोरं ठेक्याने देता येत नाहीत

माझ्या भाच्याकडे प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये तीन सर्टिफिकेटं आहेत. त्यातल्या एकावर तो सहायक इलेक्ट्रिशियन असल्याचं छापलंय. खाली क्यूआर कोड, गोल शिक्का, कुणाची तरी सही. गेल्या शिमग्याला तो पोफळीला माझ्याकडे आला होता. पडवीतला बोर्ड तापत होता, म्हणून मी म्हटलं, बघ रे जरा. तो बोर्डासमोर जाऊन उभा राहिला आणि गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "मामा, आमाला टेस्टर हातात दिलाच नाय कधी. मोबाइलवर व्हिडिओ दाखवले."

मी त्याच्यावर रागावलो नाही. राग आला तो त्याच्या बॅचचे पैसे ज्यांनी उचलले त्यांचा, आणि त्याहून जास्त, ज्यांनी ते उचलू दिले त्यांचा. कोयनेचं पाणी १९६२ पासून आमच्या पोफळीच्या डोंगराच्या पोटात वीज करतंय. पहिल्या दोन टप्प्यांची क्षमता ६०० मेगावॉट. माझे वडील त्या वीजगृहात फिटर होते. इथून एसटीने पाऊण तासावर वाढलेल्या पोराला इलेक्ट्रिशियन म्हणून कागद मिळतो आणि फेज कुठला, न्यूट्रल कुठला हे त्याला कुणी दाखवत नाही. ही गफलत म्हणायची नाही. हा त्या पोराच्या वयाचा अपहार आहे.

माझ्या बहिणीच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, भाच्याला तो कागद देणाऱ्या संस्थेचंही नाही. काय झालं तेवढं सांगतो. समाजमंदिराच्या एका खोलीत बॅनर लागला, अंगठ्याचं मशीन लागलं, चार बोर्ड भिंतीला ठोकले गेले. वाडी-वाडीत फिरून आधारकार्डाच्या झेरॉक्स गोळा झाल्या. शिकवणारा महिन्यात दोनदा बदलला. तीन महिन्यांचा कोर्स पाच आठवड्यांत आटोपला. तपासणीच्या आदल्या रात्री पोरांना फोन गेले: उद्या नक्की या, साहेब येणार आहेत, टी-शर्ट घालून या. फोटो झाले. पुढच्या सोमवारी खोलीला कुलूप होतं.

बहिणीने १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विचारलं. ग्रामसेवक म्हणाले, ते आपल्याकडे नाही, वरून आहे. सरपंच म्हणाले, आम्ही फक्त जागा दिली. तालुक्याच्या कार्यालयात सांगितलं गेलं, एजन्सीला विचारा. एजन्सीचा नंबर बंद. चार ठिकाणी विचारून एकाही ठिकाणी उत्तर द्यायला बांधलेला माणूस सापडला नाही. बाह्यस्रोताकडे काम सोपवणं म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळलं. काम दुसऱ्याकडे जातं ही त्यातली लहान गोष्ट. जबाबदारी कुणाकडेच राहत नाही, ही मोठी.

आणि हे काम पंचायतीचंच आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय लिहून ठेवले. त्यात १८वा विषय तांत्रिक प्रशिक्षण आणि व्यवसाय शिक्षण, २०वा ग्रंथालयं, २१वा सांस्कृतिक कार्य. गावातल्या तरुणांचं जे काही करायचं ते इतक्या स्पष्ट शब्दांत गावाच्या हाती सोपवलेलं आहे. ते हातात कधी आलंच नाही. मुंबईत योजना ठरते, शहरातली संस्था यादीवर घेतली जाते आणि गावाकडून फक्त खोली आणि पोरं मागितली जातात.

२०२३चा ऑक्टोबर आठवा. १९ तारखेला पंतप्रधानांच्या हस्ते, दूरदृश्य प्रणालीने, महाराष्ट्रात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. प्रत्येक केंद्रात शंभरेक तरुण, किमान दोन अभ्यासक्रम, आणि शिकवणार कोण, तर यादीवरच्या संस्था आणि उद्योग. दुसऱ्या दिवशी, २० तारखेला, याच राज्य सरकारने नऊ एजन्सींमार्फत सरकारी पदं कंत्राटाने भरण्याचा ६ सप्टेंबरचा निर्णय मागे घेतला, कारण त्याच्या विरोधात तरुण रस्त्यावर उतरले होते. नोकरी ठेक्याने जाताना त्यांना दिसली आणि ते ओरडले. शिक्षण ठेक्याने गेलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. मीसुद्धा नाही. उद्घाटनाची बातमी वाचून मला बरं वाटलं होतं.

ठेक्याचं गणित ज्याला शिकायचं असेल त्याने ग्रामपंचायतीच्या संगणकासमोर बसलेल्या पोराला विचारावं. २०१६ पासून 'आपले सरकार सेवा केंद्रा'साठी ग्रामपंचायती वित्त आयोगाच्या पैशातून महिन्याला १२,३३१ रुपये, म्हणजे वर्षाला १,४७,९७२ रुपये ती केंद्रं चालवणाऱ्या कंपनीकडे भरत होत्या. त्यातले ऑपरेटरला ठरलेले होते ६,०००. बाकीचे स्टेशनरी, देखभाल, व्यवस्थापन असल्या नावांखाली. जन्माचा दाखला काढतो तो, घरपट्टीची नोंद करतो तो, विजेअभावी रात्री उशिरापर्यंत बसतो तोही तोच. पैसा गावाचा, पोरगा गावचा, आणि दोघांच्या मधे अर्ध्याहून जास्त गळती. ही पोरं वर्षानुवर्षं आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर जाऊन बसली. मानधन थोडं थोडं वाढलंही. पण पंचायतीने स्वतःच्या पोराला स्वतःच्या हाताने पगार का देऊ नये, या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिलं नाही.

कौशल्य प्रशिक्षणात हेच देशभर मोठ्या मापाने झालं. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेवरचा 'कॅग'चा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत आला. तपासलेल्या सुमारे ९६ लाख नोंदींपैकी ९४.५३ टक्के नोंदींत बँक खात्याच्या जागी शून्यं, 'लागू नाही' किंवा नुसती रिकामी जागा. एकच फोटो अनेक प्रशिक्षणार्थींच्या नावापुढे. माझ्या बहिणीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, यात नवीन काय? तिचं खरं आहे. त्या काळात संस्थेला हप्ता मिळायचा तो नोंदणीवर, सर्टिफिकेटवर आणि प्लेसमेंटच्या कागदावर. पोराच्या हाताला ते काम खरंच जमतं की नाही यावर एकही हप्ता नव्हता. मग ते शिकवतील कशाला?

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. इंग्लंडात २०१० नंतर स्थानिक परिषदांचा तरुणांवरचा खर्च ७० टक्क्यांहून जास्त घटला, गल्लोगल्लीचे युवा क्लब बंद पडले, आणि त्याच काळात 'नॅशनल सिटिझन सर्व्हिस' नावाचा कार्यक्रम बाहेरच्या संस्थांमार्फत चालवला गेला. त्यातली एक मोठी संस्था २०१९ मध्ये बुडाली. २०२५ मध्ये कार्यक्रमही गुंडाळला. बंद पडलेले बहुतेक क्लब मात्र परत उघडले नाहीत.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, पंचायतीने तरी काय दिवे लावले? मान्य. पंचायतींच्या व्यायामशाळा मी पाहिल्या आहेत. गंजलेले डंबेल्स, फुटलेला आरसा, दारात कोंबड्या. पण तिथे मी सरपंचाला ग्रामसभेत उभं करून जाब विचारू शकतो, पाच वर्षांनी पाडू शकतो. तो मला बाजारात भेटतो, त्याचा पोरगा माझ्या भाच्याबरोबर कबड्डी खेळतो. एजन्सीला मी कुठे पाडू?

दुसरं म्हणतात, गावात शिकवणारा माणूस कुठून आणायचा? पोफळी, शिरगाव, अलोरे या पट्ट्यात येऊन हे बोलणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. इथे घरटी कुणीतरी वीजगृहात राबलेला आहे. टर्बाइनच्या बेअरिंगवर हात ठेवून बिघाड सांगणारी माणसं निवृत्त होऊन सुपाऱ्या सोलत बसली आहेत. त्यांना आजवर एकाही योजनेने विचारलेलं नाही, कारण त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही आणि तीन वर्षांची उलाढाल नाही.

त्यातल्या एकाकडे मी भाच्याला नेलं. वडिलांच्या हाताखाली शिकलेले वाइंडर, आता सत्तरी ओलांडलेली. त्यांनी अंगणात विहिरीवरची जळालेली मोटर उघडली आणि त्याला काही न सांगता जुनी तार मोजून काढायला लावली, एकेक फेरा. तो तीन तास खाली मान घालून बसला होता. बोटं काळी झाली, एक नख फाटलं. निघताना त्याने विचारलं, परत कधी येऊ?

आता दर रविवारी बहिणीच्या गावातली पाच पोरं येतात. काकांना मानधन नको आहे. ते फक्त तांब्याच्या तारेचे आणि वार्निशचे पैसे मागताहेत. तिकडच्या पंचायतीत अर्ज दिला तर उत्तर आलं, यासाठी खर्चाचं हेड नाही. मी दुसरा अर्ज लिहिलाय. त्यात अकरावी अनुसूची, विषय १८, एवढंच हेड म्हणून लिहिलंय, आणि सोबत समाजमंदिराच्या त्या कुलूपबंद खोलीची किल्ली मागितली आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बहीण तो वाचणार आहे. पाचही पोरं तिच्यामागे उभी राहणार आहेत.