किल्ली हातात देण्याआधी

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्याकडे दोन ठिकाणी गर्दी होते, पेढ्यांच्या दुकानात आणि टू-व्हीलरच्या शोरूममध्ये. कॉलेज गावाबाहेर, क्लास दुसऱ्या टोकाला, एसटीचा भरवसा नाही. मग ‘घेऊन टाका एकदाची स्कूटी’ असं घरात ठरतं. मला त्यात काही गैर वाटत नाही. मुलगी कुणावर अवलंबून न राहता जा-ये करू लागली तर आनंदच आहे. पण गाडीची जेवढी चौकशी आपण करतो, तेवढी ती कोण आणि कशी शिकवणार याची करतो का?

आधी कायदा बघू. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना शिकाऊ लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आणि तेही पालकांच्या लेखी संमतीने. आपल्या दारातल्या बहुतेक स्कूटी १०० सीसीच्या पुढच्या. त्यांना अठरा पूर्णच हवीत. ‘गावातल्या गावात तर जायचंय’ ही सबब कायद्याला चालत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले. ‘पैशाचा माज’ म्हणून आपण हळहळलो, चिडलो. पण किल्ली कोणी दिली, हा प्रश्न श्रीमंतांच्याच घरापुरता आहे का? आपल्या खुंटीवरही किल्ली टांगलेली असतेच की!

बरं, अठरा पूर्ण झाली, शिकाऊ लायसन्स आलं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर परीक्षा देता येते. या काळात पुढे-मागे लाल ‘एल’ लावायचा. मोटार शिकताना शेजारी लायसन्स असलेला शिकवणारा हवा, गरज पडल्यास गाडी थांबवता येईल असा. दुचाकीवर मागे बसवायचं तर शिकवणाऱ्यालाच. मैत्रिणीला नाही. प्रत्यक्षात होतं काय? मुलगा मित्राबरोबर मैदानात दोन चकरा मारतो आणि तिसऱ्या दिवशी थेट हायवेवर. मुलीला मात्र ‘सावकाश गं’ एवढाच उपदेश.

तीस दिवस गेले म्हणजे सराव झाला असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये पंचविशीच्या आतल्या शिकाऊ चालकाला साधारणपणे १२० तासांचा सराव वहीत नोंदवावा लागतो, त्यातले २० तास रात्रीचे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्यांना ५० तास, पैकी १० रात्रीचे. शेजारी मोठं माणूस हवंच. आपल्याकडे घरच्या सरावाचे तास कोणी मोजत नाही. मग आपणच का मोजू नयेत?

एक जुनी वही घ्या. तारीख, वेळ, रस्ता, सोबत कोण होतं, एवढं लिहा. पहिले काही दिवस मोकळं मैदान, मग गल्ली, मग बाजाराचा दिवस. पाऊस आणि काळोखही वगळू नका. उसाच्या दिवसांत मागे लाल दिवा नसलेली ट्रॉली अंधारात किती उशिरा दिसते, हे आठचा आकडा काढून कळत नाही. हेल्मेट पहिल्या मिनिटापासून, दोघांच्याही डोक्यावर. आणि ओरडू नका. घाबरलेला हात ब्रेक चुकतो.

सोबत कोण बसणार? बाबांना वेळ नसेल तर आई बसू शकते, पण तिचं स्वतःचं लायसन्स हवं. कित्येक जणी वर्षानुवर्षं लायसन्सशिवाय भाजी आणतात, मुलांना शाळेत सोडतात. मैत्रिणींनो, मुलांच्या निमित्ताने तेवढं काम करून टाका. आपलं स्वतःचं लायसन्स पर्समध्ये असलं, की ‘आधी शिक, मग किल्ली घे’ हे वाक्य तोंडात शोभतं आणि मुलं ते ऐकतातही.