विश्वासघात, क्षमा आणि भरपाईचा हक्क

वैवाहिक जीवनात जोडीदाराने विश्वासघात केला, तर न्यायालयात भरपाई मागता येते काय? आणि ती मागणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी दुखावलेल्या भगिनीला पहिला सल्ला मिळतो तो बहुधा 'क्षमा कर आणि गप्प राहा' असाच. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका पत्नीने पतीच्या कथित प्रेयसीविरुद्ध लावलेला भरपाईचा दावा दिवाणी न्यायालयात चालू शकतो, असे म्हटले. दावा खरा की खोटा, याचा तो निर्णय नव्हता. तरीही या निमित्ताने आम्ही या विषयाचा विचार करू इच्छितो.

ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात भरपाईची तरतूद होती. परंतु ती केवळ पतीसाठी. कलम ३४ प्रमाणे तो पत्नीशी व्यभिचार करणाऱ्या पुरुषाकडून पैसे मागू शकत असे. पत्नीला हा हक्क नव्हता. इतकेच नव्हे, तर घटस्फोटासाठी पतीला पत्नीचा व्यभिचार पुरेसा होता; पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे काही सिद्ध करावे लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. २००१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून स्त्री-पुरुषांना समान आधार दिले आणि कलम ३४ वगळले.

फौजदारी कायद्याची कथाही अशीच. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ खाली परपुरुषाला शिक्षा होई, पण फिर्याद पतीची. मुंबई राज्यातून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हे कलम वैध मानले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ते रद्द केले. आज व्यभिचार हा गुन्हा नाही. घटस्फोटाचा आधार मात्र आहे.

या जुन्या तरतुदींमागे पत्नी ही पतीची मालमत्ता, अशी धारणा होती. आपल्या सातपुड्यातील आदिवासी समाजांतही स्त्री दुसऱ्याकडे गेली, तर पंचांसमोर देज परत करून तंटा मिटवण्याची रीत आहे. वैर थांबते, हा तिचा गुण. परंतु तिथेही पैसा पुरुषाकडून पुरुषाकडे जातो. स्त्रीच्या आणि लेकरांच्या पदरात काय पडले, हे कोणी विचारत नाही.

आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. विश्वासघाताची किंमत ठरवता येत नाही; पण त्यामुळे उघड्यावर पडलेल्या संसाराची जबाबदारी ठरवता येते. त्यासाठी कायद्यात मार्ग आहेत. घटस्फोट न घेताही व्यभिचाराच्या कारणावरून न्यायालयीन विभक्तता मिळते आणि पत्नीला कायम पोटगी मागता येते. विवाहबंधन अतूट मानणाऱ्या आपल्या लोकांनी हा मार्ग अवश्य जाणून घ्यावा. मानसिक वा आर्थिक छळ झाला असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी भरपाईही देऊ शकतात. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो; उत्पन्नाची अट नाही.

फसवणूक पतीचीही होते. त्याचे दुःख कमी नाही, आणि विभक्ततेचा मार्ग त्यालाही खुला आहे.

ख्रिस्तसभा काय सांगते? निरपराध जोडीदाराने क्षमा करावी, अशी ख्रिस्तसभेची संहिता कळकळीने विनवते. तथापि वेगळे राहण्याचा त्याचा हक्कही ती मान्य करते आणि मुलांच्या पालनपोषणाची सोय झालीच पाहिजे, असे बजावते. हक्कांचे वा मुलांचे रक्षण दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नसेल, तर दिवाणी घटस्फोट घेणे हे नैतिक पाप ठरत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षण स्पष्ट सांगते. अर्थात त्यामुळे पुनर्विवाहाची मोकळीक मिळत नाही.

क्षमा ही अंतःकरणाची कृती आहे. पोटगी हा लेकरांच्या ताटातील घास आहे. सूडासाठी न्यायालयाची पायरी चढू नये. परंतु न्यायासाठी चढणाऱ्या भगिनीला पापी ठरवण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. तिच्यासोबत धर्मग्रामातील दोन जाणती माणसे गेली, तर तेही प्रभूचेच कार्य होईल.