टँकरचालकाला कोणी विचारले?

जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत महाराष्ट्रातील पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. इंधन संपले नव्हते. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंत ते होतेच. थांबले होते ते टँकरचालक. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास जुन्या कायद्यात कमाल शिक्षा २ वर्षांची होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२)ने, अपघाताची खबर न देता निघून जाणाऱ्या चालकास ती १० वर्षांपर्यंत नेली.

जखमीला रस्त्यावर टाकून जाणे समर्थनीय नाहीच. परंतु थांबल्यास जमावाचा मार, आणि पुढे जाऊन खबर दिली तर ती खरी मानणार कोण, हा चालकाचा पेच कायदा करणाऱ्यांना दिसला नाही. गजबजलेल्या पंपावर, भोंगे वाजवणाऱ्या गर्दीत हजारो लिटर ज्वालाग्राही इंधन उतरविणारा हा श्रमिक, गाडी थांबल्यावरच देशाला आठवला. तेव्हाही, २ जानेवारीस, सरकारने चर्चा केली ती वाहतूक व्यावसायिकांच्या संघटनेशी, म्हणजे मुख्यतः मालकांशी! १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली. हे कलम तेवढे स्थगित ठेवले गेले.

स्थगिती म्हणजे न्याय नव्हे. चालकांची स्वतःची संघटना चर्चेला बसेपर्यंत त्यांच्या वतीने मालकच बोलत राहतील. ती उभी करणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.