गुडघ्याची गोळी आणि पोटातला रक्तस्राव

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे सिद्ध झाल्यावर भारताने २००६ मध्ये या औषधाच्या जनावरांवरील वापराला बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद केल्या. निर्णय योग्यच होता. पण याच औषधाची गोळी माणसाला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हा नियम सर्रास मोडला जातो. ‘गुडघे दुखतात, काहीतरी द्या’ म्हटलं की मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कापून देतो.

या गोळ्यांचा पोटाशी थेट संबंध आहे. जठरातल्या आम्लापासून अस्तराचं रक्षण करायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनवतं. दुखणं आणि सूज यांतही त्यांचाच हात असतो. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक औषधं या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटनच्या जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ चं नोबेल त्यांना याच कामाच्या मालिकेसाठी विभागून मिळालं. गुडघा शांत होतो तेव्हा जठराचं कवचही पातळ होत असतं आणि तिथे व्रण होऊ शकतो. अनेकदा व्रण दुखतही नाही. पहिली खूण दिसते ती थेट रक्ताची.

ती खूण घराघरांत माहीत हवी. जठरात साचलेलं रक्त काळं पडतं, त्यामुळे शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळपट होतो, पण तो असा चिकट नसतो. घरातली वडीलधारी माणसं मात्र संकोचाने हे बोलत नाहीत. चक्कर येते, दम लागतो, आणि ‘अशक्तपणा आलाय’ म्हणून सलाइन लावून दिवस काढले जातात.

लाल रक्त पडलं तर आणखी एक घोळ. ते मूळव्याधीचंच, असं घरीच ठरतं आणि भिंतीवरच्या जाहिरातीतला ‘हमखास इलाज’ सुरू होतो. बहुतेकदा मूळव्याध किंवा फिशरच निघतं, हे खरं. पण मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच दिसू शकते. वय वाढलेलं असेल, वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन उतरलं असेल, तर दुर्बिणीतून तपासणी टाळणं धोक्याचं आहे.

रक्ताची उलटी किंवा काळी शौच झाली तर रुग्णाने उपाशी राहून तातडीने मोठं रुग्णालय गाठावं. तिथे आधी रक्तदाब सावरतात, मग साधारण २४ तासांच्या आत एंडोस्कोपी करतात. त्याच दुर्बिणीतून रक्तवाहिनीला क्लिप लावता येते किंवा ती जाळून बंद करता येते. यकृत खराब झालेल्यांच्या अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा फुटतात. त्यांना रबरी बँड बसवतात. रक्त जितकं जास्त चढवावं तितकं चांगलं, ही समजूतही मागे पडली आहे. बार्सिलोनातल्या २०१३ च्या अभ्यासात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण अधिक संख्येने वाचले. रक्त थांबवायचं म्हणून दिलं जाणारं ट्रानेक्झामिक ॲसिड १२ हजारांहून अधिक रुग्णांवर तपासलं गेलं. २०२० मध्ये निष्कर्ष आला की त्याने या आजारातले मृत्यू कमी होत नाहीत.

व्रणाचं दुसरं मोठं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. व्रण बरा होऊन हा जंतू तसाच राहिला तर व्रण पुन्हा होतो, म्हणून प्रत्येक रुग्णाची त्यासाठी तपासणी व्हायला हवी.

अन्न व औषध प्रशासनाने मेडिकलच्या काउंटरवरची ही विक्री रोखली पाहिजे. डॉक्टरांनीही साठी ओलांडलेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसाला वेदनाशामक लिहिताना जठराच्या रक्षणाची गोळी सोबत द्यायला हवी. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून ती स्वतःहून बंद करू नये; तो निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.