जुळलं तरी बाद, नाही जुळलं तरी बाद

२०२५ च्या पावसाळ्यात कारंज्यातल्या आमच्या बैठकीला एक बाई आली. 'लाडकी बहीण'चे दीड हजार जूनपासून बंद. केंद्रावर संगणकापाशी बसलेल्या मुलाने पडद्याकडे बघत एवढंच सांगितलं, "मावशी, डेटा मॅच होत नाही." ती आम्हाला विचारत होती, "मी त इथंच हाओ ना बाई, मंग यादीतून गेली कुठं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न भाबडा नाही. त्याचं उत्तर याद्या जोडणाऱ्याला ठेवता येतं. ते न ठेवणं हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

बचत गटाची वही पासबुकाशी ताडताना आपण काय करतो? जुळलेल्या नोंदीवर बरोबरची खूण. वहीत आहे पण पासबुकात नाही, तिथे गोल. पासबुकात आहे पण वहीत नाही, तिथे फुली. खूण झाली नाही म्हणून पान फाडणारी सचिव आपण पुढच्याच महिन्यात बदलू. आकडेवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'स्टाटा' या प्रणालीत दोन याद्या जोडल्या की एक नवा रकाना आपोआप उभा राहतो. १ म्हणजे फक्त पहिल्या यादीत, २ म्हणजे फक्त दुसरीत, ३ म्हणजे दोन्हींत. 'आर' किंवा 'पांडाज'मध्ये मात्र वेगळं काही सांगितलं नाही, तर न जुळलेल्या ओळी गुपचूप गळून पडतात. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. त्या राखायच्या तर आज्ञेत एकदोन शब्द जास्त लिहायचे, बस्स.

न जुळणाऱ्या ओळी कोणाच्या, हे सांगायला नको. पुरुषाचं नाव पाळण्यापासून सरणापर्यंत एकच. बाईचं शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत अर्धं. त्यात आपलं गाव! वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधीच्या कागदांवर कारंज्याचा जिल्हा अकोला. शिवाय विदर्भात तालुक्याची कारंजा दोन, आपलं लाड आणि वर्धा जिल्ह्यातलं घाडगे. पोस्टमनला हे कळतं. यंत्राला सांगावं लागतं.

न जुळण्याने घात होतो तसा जुळण्यानेही होतो. चारचाकी असणाऱ्यांच्या किंवा आयकर भरणाऱ्यांच्या यादीशी ओळ जुळली की बाई अपात्र. पण ती जुळली कशावरून? आधार क्रमांकावरून, की नुसत्या नावावरून? तेलंगणात रिक्षा ओढणाऱ्याच्या बायकोला रेशन नाकारलं गेलं, कारण याद्या जोडणाऱ्या प्रणालीने तिच्या नवऱ्याला मोटारमालक ठरवलं होतं. तिथे रद्द झालेल्या सुमारे १९ लाख रेशनकार्डांची घरोघर फेरतपासणी करा, असा आदेश २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी २६.३४ लाख लाभार्थी अपात्र दिसत असल्याचं जाहीर केलं. कारणंही सांगितली. एकीला अनेक योजना, एका घरात दोनपेक्षा जास्त बाया, काही ठिकाणी तर पुरुषांचेच अर्ज. ते पुरुष शोधलेच पाहिजेत, आणि त्यासाठी याद्या ताडाव्याच लागतील. त्याला आमचा विरोध नाही. पण पैसे आधी थांबले आणि जिल्हाधिकाऱ्यांकडची पडताळणी नंतर, हा क्रम कोणी ठरवला? आणि २६.३४ लाख ही बेरीज झाली. बाईला तिच्या एका ओळीचं कारण हवं आहे.

सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी आली. तीत नवऱ्याचं किंवा बापाचं आधार मागितलं. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागद जोडायची वाट काढली, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद. टाकलेल्या बाईकडे यातला कोणता असतो? योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. ज्या बायांनी नव्वदच्या दशकात नवऱ्याशिवाय स्वतःचं रेशनकार्ड मागितलं, त्यांना आज पुन्हा नवऱ्याच्या आधाराशी जुळवायचं?

म्हणून मागणी एका रकान्याची आहे. प्रत्येक बाद ओळीपुढे लिहा: कोणत्या यादीशी ताडली, कोणत्या खुणेवरून, जुळली की नाही जुळली, कोणत्या तारखेला. ते त्या बाईच्या हातात लेखी द्या. निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ मध्येच आहे. भिंतीवर यादी लावा असं आम्ही म्हणत नाही, कोणाचा नवरा कुठे आहे हे गावाने वाचायचं कारण नाही.

एक आपल्या घरातलंही सांगते. टाकलेल्या बायांच्या आमच्याच पाहणीत मतदार यादीत न सापडलेली नावं आम्ही 'शंकास्पद' म्हणून बाजूला ठेवली होती. ती वही अजून कपाटात आहे. पुढच्या बैठकीला ती काढायची आहे. येताना आधार, पासबुक आणि शाळेचा दाखला, तिन्हींवरचं नाव जसंच्या तसं उतरवून आणा.